माझ्या घशावर दोघांच्या सह्या

माझ्या घशात कॅन्सर आहे हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. माझ्या थोरल्या भावाला माहीत होतं, आमच्या धर्मसंघाच्या वरिष्ठ फादरांना माहीत होतं, सर्जनना तर होतंच. वॉर्डात फरशी पुसणाऱ्या मावशींनाही असावं, कारण त्या माझ्या खोलीत आल्या की उगाच चुकचुकायच्या. सहा दिवस हे असं चाललं. त्या सहा दिवसांचा राग अजून माझ्या अंगात आहे आणि मी हे लिहितो आहे ते त्या रागातच. दुखण्यातून उठलेल्या माणसाने शांत, समजूतदार लिहावं अशी लोकांची अपेक्षा असते. ती माझ्याकडून पुरी व्हायची नाही.

मी कोण, ते आधी सांगतो. मी आधी डॉक्टर झालो आणि मग कॅथलिक धर्मगुरू. पुण्यात एम.बी.बी.एस. झालो तेव्हा घरच्यांनी गावभर पेढे वाटले. वर्षभराने मी धर्मगुरू व्हायला सेमिनरीत जातो म्हणालो, तेव्हा त्याच घरात आठ दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. पुढे संघाने मला नीतिशास्त्र शिकायला रोमला पाठवलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परत आलो ते वैद्यकीय नीतिशास्त्राचा जाणकार म्हणून. आजारी माणसाला काय सांगायचं, त्याच्या शरीराबद्दल कुणी ठरवायचं, उपचार कधी थांबवायचे, असले प्रश्न मी सेमिनरीत आणि मेडिकलच्या पोरांना शिकवू लागलो. आठवड्यातले तीन दिवस पुण्यात आणि बाकीचे आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढे आहुप्याच्या रस्त्यावर आमच्या संघाचा छोटा दवाखाना होता तिथे. तिथले लोक मला फादर डॉक्टर म्हणत.

जरा भायेर या

आमच्या भागात पेशंट एकटा येत नाही. जीपमधून सातआठ जण उतरतात, त्यातला पेशंट कोण हे विचारावं लागतं. तपासून झालं की त्यांच्यातला एखादा जाणता मागे रेंगाळतो आणि डोळ्याने खूण करतो. "डॉक्टर, जरा भायेर या." मग व्हरांड्यात खांबाला टेकून खालच्या आवाजात सगळं ठरतं. कुठे न्यायचं, न्यायचं का, किती दिवस राहिले, म्हाताऱ्याला काय सांगायचं. ज्याचं पोट, ज्याची छाती, तो आत खाटेवर भिंतीकडे बघत पडलेला असतो.

मला याची भयंकर चीड होती. मी नियमच केला की आमच्या व्हरांड्यात कुणाच्या आजाराबद्दल बोलायचं नाही. जे बोलायचं ते खाटेजवळ, पेशंटच्या देखत. लोक हसायचे. "फादर डॉक्टर तोंडावर हानतो राव," असं ओतूरच्या एसटी स्टँडवर माझ्याबद्दल बोललेलं मी स्वतः ऐकलं आहे. मला त्याचा अभिमान वाटायचा.

तो अभिमान एकदा चांगला ठेचला गेला. आहुप्याच्या बाजूचे बुधाजी नावाचे एक गृहस्थ होते, डोंगरात भात आणि नाचणी करणारे. पोटात कॅन्सर पसरला होता. मुलांनी माझे पाय धरले की बाबाला सांगू नका. मी सांगितलं. बुधाजींनी शांतपणे ऐकून घेतलं, टोपी घातली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अन्न सोडलं. पंधरवड्यात गेले. थोरला मुलगा दवाखान्यात येऊन मला म्हणाला, "रोगानं तो आजून चार म्हैने जगला असता. तुमी बोलून मारला." त्या वर्षी नाताळात मी हे माझ्या भावाला, योसेफदादाला सांगितलं आणि त्याच्यासमोर रडलो. दुसऱ्या कुणाला मी हे कधी सांगितलं नव्हतं.

चार महिने हिरडा

माझा आवाज बसायला लागला तो उन्हाळ्यात. डोंगरात बाळहिरडा गोळा करायचे दिवस होते. जो येई तो माझ्या हातावर चार हिरडे ठेवी. "चघळा फादर, प्रवचनानं घसा धरलाय." मी चघळत राहिलो. भिंतीवर डिग्री लावलेला माणूस चार महिने हिरडा चघळत होता! कुणा पेशंटचा आवाज महिनाभर बसला असता तर मी त्याला हाताला धरून एसटीत बसवलं असतं.

हे मला तोंडावर सांगितलं ते विमलने. विमल आमच्या दवाखान्याची नर्स, ओतूरच्या बौद्ध कुटुंबातली. तिच्या आजोबांनी धर्मांतर केलं होतं आणि "आमच्या घरात कुणाफुडं वाकायची पद्धत न्हाई," हे ती मला कामावर आल्याच्या पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाली होती. ती म्हणाली, "फादर, दुसऱ्याचा घसा आसता तर तुमी कवाच पुन्याला न्यायची चिठ्ठी लिवली आसती." मी चिठ्ठी लिहिली. स्वतःच्या नावाने.

निदानाचा दिवस

असले अनुभव मी बरेच वाचले आहेत. प्रत्येकात निदानाचा दिवस असतो. डॉक्टर चष्मा काढतात, पायाखालची जमीन सरकते वगैरे. माझ्या वाट्याला तो दिवस आलाच नाही. तो माझ्या भावाने परस्पर घेऊन टाकला.

पुण्यात घशातला तुकडा काढून तपासायला दिला होता. चार दिवसांनी सर्जन खोलीत आले. योसेफदादा माझ्याजवळ बसला होता. तो हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला, संगमनेरकडून मुद्दाम माझ्यासाठी येऊन राहिलेला. सर्जननी माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं आणि माझ्या डोक्यावरून दादाला म्हणाले, "सर, जरा बाहेर येता का?"

दोघं बाहेर गेले. दार लोटलं गेलं. मी खाटेवर बसून भिंतीकडे बघत राहिलो.

दादा आत आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, "साधी गाठ आहे. काढून टाकायची. आठवड्यात ऑपरेशन." मी म्हणालो, "बरं."

आता लोक मला विचारतात की तुम्ही डॉक्टर, तुम्हाला कसं कळलं नाही? मी रिपोर्ट का मागितला नाही? त्याचं खरं उत्तर लाजिरवाणं आहे. मला तो बघायचा नव्हता. साध्या गाठीसाठी भावाचे डोळे लाल होत नाहीत हे मला कळत होतं. पण कळणं एका खोलीत आणि मी दुसऱ्या खोलीत, असं काहीतरी झालं होतं. दुसऱ्याच्या खाटेजवळ उभं राहून सत्य सांगणं सोपं असतं, खाटेवर पडून ते मागणं फार अवघड. पंधरा वर्षं शिकवून ही गोष्ट मला माहीत नव्हती.

पण मी भित्रा होतो म्हणून त्यांना माझ्याशी खोटं बोलायची मुभा मिळत नाही. मी विचारलं नाही ही माझी चूक. त्यांनी सांगितलं नाही हा त्यांचा अपराध. या दोन गोष्टी मी कुणाला एकत्र करू देणार नाही.

सहा दिवस

पहाटे पाचला थर्मामीटर, सहाला गारढोण चहा, आठला रक्त. दहाला सर्जनची फेरी, तीन मिनिटांची, आणि तीनही मिनिटं त्यांची नजर तक्त्यावर. दुपारी भेटायला येणारे लोक सफरचंदं घेऊन यायचे आणि लग्नघरात आल्यासारखे मोठ्याने बोलायचे. मी काही विचारलं की दादाकडे बघायचे. लहान मूल आजारी असतं तेव्हा मोठी माणसं असं वागतात. माझं वय एक्कावन्न होतं.

चौथ्या दिवशी आमचे वरिष्ठ फादर आले. आमच्यात गंभीर आजारी माणसाला तेल लावून प्रार्थना करायचा संस्कार आहे. त्यांनी खिशातून तेलाची डबी काढली. मी विचारलं, "साध्या गाठीला?" ते म्हणाले, "असू दे रे, चांगलंच असतं." हा संस्कार कुणाला आणि केव्हा द्यायचा हे मी सेमिनरीत वर्षानुवर्षं शिकवलं होतं. त्यांनाही शिकवलं होतं! तरी मी डोळे मिटून कपाळ पुढे केलं. देवासमोरही आम्ही दोघं त्या दिवशी नाटक करत होतो, आणि याचा राग मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त येतो.

विमल आली

सहाव्या दिवशी दुपारी विमल आली. पहाटेची एसटी धरून, किटलीत नाचणीची आंबील घेऊन. मला गिळायला त्रास होतो हे तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या आंबिलीचा पहिला घोट घशाखाली गेला तेव्हा मला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. दादा खाली जेवायला गेला होता. तिने माझ्याकडे निरखून बघितलं.

"फादर, तुमाला काय सांगितलंय ह्या लोकांनी?"

"गाठ आहे. परवा काढणार."

ती उठली, दार नीट लावून घेतलं आणि परत येऊन बसली.

"मला आत्ता खाली दादासायबांनी शपथ घातलीय. तुमच्या आईची."

"मग?"

"मग काय? तुमची आई म्या कदी बगितली न्हाई. तिची शपथ मला कशी लागल?" तिने पदराने तोंड पुसलं. "कॅन्सर हाय, फादर. आन् परवा गाठ काढायची न्हाई, सगळं आवाजाचं यंत्रच काढणार हायेत. परत बोलता यायचं न्हाई तुमाला. सह्या झाल्यात."

मी विचारलं, "कुणाच्या?"

कॅन्सर ऐकलं, आवाज जाणार हे ऐकलं, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा. त्यानंतर मी रडलो. विमलने माझा हात धरला नाही, समजूत घातली नाही. ती नुसती बसून राहिली आणि आंबील गार व्हायला लागली तेव्हा म्हणाली, "प्या. रडायला बी ताकद लागती."

फाइल

मी वॉर्डातल्या नर्सकडे फाइल मागितली. "पेशंटला फाइल देत नाही," ती म्हणाली. मग मी उठलो, चपला घातल्या आणि स्वतः तिच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. त्या हॉस्पिटलच्या नीतिविषयक समितीत मी सात वर्षं होतो. हे सांगायला फुटकाच का होईना, आवाज अजून शिल्लक होता. तिने फाइल दिली.

संमतिपत्रावर दोन सह्या होत्या. एक योसेफदादाची, नातं 'भाऊ'. दुसरी वरिष्ठ फादरांची, नातं 'वडिलांच्या ठिकाणी'. माझ्या नावापुढची जागा कोरी होती. धर्मगुरूला बायकामुलं नसतात, तेव्हा घरचं माणूस कोण, असा त्यांना प्रश्न पडला असणार. त्यांनी एकाऐवजी दोन घरची माणसं उभी केली. तिसरं माणूस त्याच मजल्यावर जागं बसलेलं होतं, त्याला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आणि आता ज्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते ते. त्या संमतिपत्राचं मराठी माझं होतं. समितीत सर्जन लोकांनी धरून ठेवलं होतं की पेशंट घाबरलेला असेल तर नातेवाइकांची सही चालली पाहिजे. मी दोन बैठका भांडलो, तिसऱ्या बैठकीत दमलो आणि लिहून दिलं: 'रुग्ण निर्णय घेण्याच्या मनःस्थितीत नसल्यास जवळच्या नातेवाइकाने सही करावी.' माझ्या डोळ्यांसमोर बेशुद्ध माणूस होता. तर मग 'बेशुद्ध' का नाही लिहिलं? वाक्य छान झालं म्हणून मी खूश होतो. त्याच वाक्याच्या बरोबर खाली माझ्या भावाची सही होती, हेडमास्तरी वळणाची.

भांडण

दादा जेवून आला. वरिष्ठ फादरांना फोन करून बोलावून घेतलं. मी ओरडलो, पण ओरडणं घशातून बाहेर पडेना, नुसती हवा निघत होती. आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण मी कुजबुजत केलं.

मग दादाही पेटला. "तूच सांगितलंस मला! त्या बुधाजीला तू सांगितलंस आणि त्याने अन्न सोडलं. माझ्यासमोर रडलास तू. मग मी काय करायला हवं होतं? तुला सांगून तूही तसाच भिंतीकडे तोंड करून पडला असतास तर आईला मी काय सांगितलं असतं?"

बुधाजींच्या बाबतीत आजही माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मी त्यांना सांगितलं ते बरोबर होतं, पण सांगून त्यांना एकट्याने घरी जाऊ दिलं ते चूक होतं, एवढंच मला म्हणता येतं. दादाला मी म्हणालो, "ते त्यांच्या ताटावरून स्वतः उठले. मला तू उठवतो आहेस."

वरिष्ठ फादरांनी आज्ञापालनाच्या व्रताची आठवण करून दिली. मी म्हणालो, "तुम्ही पाठवाल त्या गावाला मी जाईन. आजवर गेलोच आहे. पण माझा घसा ही काही बदलीची जागा नाही."

संध्याकाळी सर्जन आले, आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले. मी त्यांना म्हणालो, "तुम्ही माझ्या व्याख्यानांना होतात. तिसऱ्या रांगेत." ते म्हणाले, "हो सर. परीक्षेत उत्तरही बरोबर लिहिलं होतं." मग म्हणाले, "पण तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही." त्या प्रामाणिकपणासाठी मी त्यांना माफ केलं. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. वाटा दोन होत्या. किरणोपचार केले तर आवाज कदाचित राहील, पण आजार परतायचं भय जास्त. ऑपरेशन केलं तर आवाज नक्की जाईल, पण जगण्याची आशा जास्त. अर्धा तास लागला. अर्धा तास! एवढ्यासाठी त्यांनी मला सहा दिवस अंधारात ठेवलं होतं. मी विचार करायला आठ दिवस मागितले, त्यांनी चार दिले.

चार दिवस

मी विमलबरोबर दवाखान्यात परतलो. घोडेगावच्या एसटीडी बूथवरून आईला फोन लावला. आई ऐंशी वर्षांची, गावी माझ्या धाकट्या बहिणीकडे. तिला सांभाळण्यासाठीच तर हे सगळं लपवलं होतं म्हणे. मी सांगितलं, "आई, मला कॅन्सर आहे. ऑपरेशन केलं तर मला परत बोलता येणार नाही."

ती म्हणाली, "मग आत्ता बोल की. जेवलास का?"

आम्ही अर्धा तास बोललो. शेळी व्याली ते, शेजारच्या पोरीचं लग्न मोडलं ते, माझ्या लहानपणचा गोवर. शेवटी तिने मला स्तोत्र म्हणायला लावलं. माझा आवाज तीनदा फुटला आणि तिने तीनदा पुढची ओळ सांगितली. या बाईपासून लपवायचं होतं!

त्या चार दिवसांत मी रोज मिस्सेची उपासना केली, पेशंट तपासले. बातमी पसरली होती. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "फादर, तुमी आमाला तोंडावर सांगायचा. आता तुमाला कोन सांगनार?" विमल आतून ओरडली, "म्या सांगितलं की!" सगळे हसले, मीही. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी ठरवलं. ऑपरेशन. मला जगायचं होतं. शिकवायला आवाज नसला तरी हात होते, आणि तपासायला कान पुरत होते.

दादाला सांगितलं तर तो डोक्याला हात लावून म्हणाला, "अरे, मग आम्ही तेच तर ठरवलं होतं! एवढं रामायण कशाला केलंस?"

हा प्रश्न मला तेव्हापासून शंभर जणांनी विचारला असेल. निर्णय तोच, ऑपरेशन तेच, सर्जन तेच, मग चिडलात कशाला? मी पाटीवर लिहून उत्तर देतो आणि दरवेळी खडू मोडतो. माझ्या घरातली वस्तू मी उचलून तुम्हाला दिली आणि तीच वस्तू मी बसलेला असताना तुम्ही उचलून नेली, यात फरक नाही? ते चार दिवस मला मिळाले नसते. आईचा तो फोन झाला नसता. मी एका सकाळी शुद्धीवर आलो असतो, पाणी मागायला तोंड उघडलं असतं, आणि त्या क्षणी मला कळलं असतं. माझी माणसं खाटेभोवती उभी राहून ते बघणार होती. प्रेमाने बघणार होती. दादाचं प्रेम मी कधी नाकारलं नाही. तो ऑपरेशननंतर दोन महिने माझ्या गळ्यातली नळी स्वतःच्या हाताने साफ करत होता. पण प्रेम असलं म्हणून सही चालत नाही.

ज्यांच्या घरात आज कुणी आजारी आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. डॉक्टरांनी बाहेर बोलावलं तर जाऊ नका. खुर्ची आत ओढा. भीती वाटेल, आवाज कापेल, कापू द्या. आणि सांगून झाल्यावर उठून जाऊ नका. मी बुधाजींना सांगितलं आणि पुढचा पेशंट बोलावला होता. तसं करू नका.

ऑपरेशनच्या दिवशी

सकाळी मला स्ट्रेचरवरून आत नेलं. सही मी आदल्या दिवशीच केली होती. भूल देणारे डॉक्टर नवीन होते, मला ओळखत नव्हते. त्यांनी माझ्या हाताची शीर बघितली आणि मी तिथे नाहीच अशा सवयीने, माझ्यावरून वाकून नर्सला हळूच विचारलं, "पेशंटला माहीत आहे का?"

नर्स काही बोलायच्या आत मी बोललो. "आहे," मी म्हणालो. "पेशंटला सगळं माहीत आहे."

माझ्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य.